करिंथची मंडळी: कोण भारी आणि कोण हलका

ख्लोवे नावाच्या बाईच्या घरची माणसं ग्रीसमधल्या करिंथहून इफिसला आली आणि तिथली मंडळी सुरू करणाऱ्या प्रेषित पौलाला सगळं सांगून मोकळी झाली, की तिकडे मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांत, गट पडलेत, एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा मी अपुल्लोसाचा, तिसरा मी केफाचा (म्हणजे पेत्राचा), आणि एक ग्रुप असा की आम्ही थेट ख्रिस्ताचे, म्हणजे आमच्या वर कोणी नाहीच. साधारण इ.स. ५३ ते ५५ च्या दरम्यानची गोष्ट. त्यावर पौलाने जे लिहिलं तेच बायबलमधलं आपलं करिंथकरांस पहिले पत्र. ते आपण तुकड्यातुकड्यात वाचतो, तेरावा अध्याय लग्नात, अकरावा प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला), बारावा युवक शिबिरात, आणि त्यामुळे एका मंडळीत नेमकं काय बिनसलं होतं हे कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून इथे ती एक केस म्हणून सलग मांडतेय.

आधी गावाबद्दल, कारण गाव कळल्याशिवाय भांडण कळत नाही. जुनं करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये पार उद्ध्वस्त केलं होतं, मग शंभरेक वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, ज्युलियस सीझरने तिथे रोमन वसाहत बसवली आणि राहायला पाठवलेल्या लोकांत बरेचसे गुलामीतून सुटलेले होते. दोन बाजूंना दोन बंदरं, लेखायन आणि किंख्रिया, मधे चिंचोळी जमीन, सगळा माल तिथून जाणार, त्यामुळे पैसा बक्कळ. म्हणजे जुनी घराणी कमी, नवा पैसा जास्त, आणि जो तो दाखवायला बसलेला की बघा मी कुठून कुठे पोचलो. चौकात ग्नेयस बाब्बियस फिलिनस नावाच्या माणसाने खांबांचं एक गोल स्मारक उभारलं होतं, त्यावरचा लेख सापडलाय, त्यात काय म्हणलंय तर हे त्याने स्वखर्चाने बांधलं आणि नगराचा अधिकारी म्हणून ते मंजूरही त्यानेच केलं! वडिलांचं नाव मात्र लेखात नाही, जे रोमन माणूस सहसा सोडत नाही, त्यामुळे हा स्वतः किंवा याचा बाप गुलामीतून सुटलेला असावा असा अंदाज करतात. थिएटरजवळच्या फरसबंदीवर एरास्त नावाच्या माणसाचा असाच लेख आहे, पद मिळालं त्याबदल्यात स्वखर्चाने फरशी घातली म्हणून (रोमकरांस पत्राच्या शेवटी नगराचा खजिनदार एरास्त येतो तोच का हा, यावर वाद अजून चालूय). आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागतात ना, तसंच, फक्त यांचे फ्लेक्स दगडाचे.

त्यात शेजारी इस्थमियाचे खेळ, दर दोन वर्षांनी. तिथे फक्त पळणारे आणि कुस्तीवाले नसायचे, वक्तेही जमायचे. दिओ ख्रिसोस्तोम नावाच्या ग्रीक वक्त्याने त्या गर्दीचं वर्णन केलंय की समुद्रदेव पोसायडनच्या देवळाभोवती वक्ते एकमेकांवर ओरडतायत, शिव्या घालतायत आणि त्यांचे शिष्य आपसात भांडतायत. म्हणजे आपला वक्ता निवडायचा आणि त्याच्या नावाने दुसऱ्याच्या वक्त्याला खाली पाडायचं, ही तिथली नॉर्मल करमणूक होती.

आता पौल तिथे आला साधारण इ.स. ५० ला, दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे तंबू शिवायचं काम करत. हे नवराबायको रोमहून आलेले, क्लौद्य बादशहाने यहुद्यांना शहराबाहेर काढलं त्या धामधुमीत. हाताने काम करणारा प्रचारक ही गोष्टच करिंथच्या वरच्या थरातल्या लोकांना जरा कमीपणाची वाटायची. पौलानंतर आला अपुल्लोस, आलेक्सांद्रियाचा, शास्त्राचा पक्का अभ्यास आणि बोलायला एकदम फर्डा. झालं. लोकांनी स्केल लावली. याचं भाषण भारी, त्याचं साधं, याची लेव्हल वेगळी, त्याचं दिसणंच काही खास नाही. गंमत म्हणजे खुद्द पौल आणि अपुल्लोस यांच्यात भांडण असल्याचा कुठेही मागमूस नाही, उलट पौल पत्राच्या शेवटी लिहितो की मी अपुल्लोसाला तुमच्याकडे जा म्हणून खूप विनंती केली पण त्याची आत्ता यायची अजिबात इच्छा नाहीये. मला तरी वाटतं त्याला तिथल्या स्वतःच्या फॅन क्लबची भीती वाटली असावी, पण हा माझा अंदाज.

पौल याच्यावर काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. स्वतःच्या पार्टीलाच तो आधी झोडतो. पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर खिळला होता का, तुमचा बाप्तिस्मा पौलाच्या नावाने झाला का. मग म्हणतो बरं झालं मी तुमच्यातल्या क्रिस्प आणि गायस सोडून कोणाचा बाप्तिस्मा केला नाही, मग आठवतं, हां, स्तेफनच्या घरच्यांचा पण केला, बाकी कोणाचा केला का आता आठवत नाही. पत्र लेखनिकाला सांगताना मधेच आठवत गेलेला माणूस आहे हा. ज्या मंडळीत मला कोणी बाप्तिस्मा दिला यावरून स्टेटस ठरत होतं तिथे बाप्तिस्मा देणाराच म्हणतोय की मला यादी पाठ नाहीये. आणि चौथ्या अध्यायात तो प्रश्न टाकतो ज्याने सगळी तुलनाच खाली बसते: तुला दुसऱ्यापेक्षा वेगळं कोणी केलं, आणि तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला दिलेलं नाही? मिळालेलंच आहे तर कमावल्यासारखा मिरवतोस कशाला? बाब्बियसच्या गावात हा प्रश्न.

(आपल्याकडेही हे काही परकं नाही. अहमदनगरच्या भागात अमेरिकन मराठी मिशन आणि एसपीजी (इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची मिशन संस्था) या दोघांचं काम शेजारीशेजारी चालायचं, १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि दोन्हीकडच्या मंडळ्या त्यात आल्या, तरी स्थळ बघताना अजून कोणीतरी हळूच विचारतंच, तुम्ही मूळचे कुठल्या मिशनचे.)

पण गटबाजी हे वरचं लक्षण होतं. खरी केस दिसते ती जेवणात.

त्या काळी चर्चची इमारत वगैरे नव्हती, ज्याचं घर मोठं त्याच्याकडे सगळे जमायचे, आणि प्रभुभोजन म्हणजे वेफरचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा पेला नव्हता, खरंखुरं जेवण होतं. रोमन पद्धतीच्या घरात जेवणाच्या खोलीत आडवं होऊन जेवायच्या तीन बाका असायच्या, साधारण नऊ माणसं मावतील अशा, बाकीचे बाहेर अंगणात. आत कोण? यजमान आणि त्याच्या बरोबरीचे, ज्यांना दुपारपासून वेळच वेळ आहे. बाहेर कोण? गुलाम, हमाल, मजूर, जे मालकाचं काम संपवून उशिरा पोचणार. आणि ताटातही फरक करायची पद्धत होतीच. प्लिनी नावाच्या रोमन माणसाने पुढच्या पिढीत एका पत्रात अशाच एका यजमानाची तक्रार केलीय, की त्याने वाइन तीन दर्जांच्या बाटल्यांत भरून ठेवलेली, एक स्वतःसाठी आणि आमच्यासाठी, एक जरा हलक्या मित्रांसाठी आणि तिसरी गुलामीतून सुटलेल्यांसाठी. प्लिनीला ते आवडलं नाही, पण त्याने लिहिलं म्हणजे ते चालत होतं.

करिंथच्या मंडळीने हीच पद्धत उचलून प्रभूच्या मेजावर आणली. पौल लिहितो की तुमच्यात एक जण भुकेला राहतो आणि दुसरा प्यायलेला असतो. जेवायला तुम्हाला घरं नाहीत का, की ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्हाला लाजवायचंय? आता इथे लक्षात घ्या, कोणी कोणाला तोंडाने एक शब्द वाईट बोललं नव्हतं, कोणी कोणाला शिवी दिली नव्हती. फक्त कोण कुठे बसणार आणि कोणाला किती मिळणार हे आधीच ठरलेलं होतं. जज करणं हे बोलूनच होतं असं नाही, ताट मांडूनही होतं, आणि ज्याच्यापुढे रिकामं ताट येतं त्याला निकाल बरोबर कळतो.

यावर पौलाचा उपाय इतका साधा आहे की आपण तो वाचतच नाही: जेवायला एकत्र याल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. बस. प्रीती म्हणजे या ठिकाणी थांबणं, हमाल येईपर्यंत हात आवरणं. आणि त्याच परिच्छेदात ते प्रसिद्ध वाक्य आहे की जो अयोग्य रीतीने ही भाकर खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, म्हणून माणसाने स्वतःची परीक्षा करावी. आपल्याकडे या वाक्याने कितीतरी साधीभोळी माणसं प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहतात, मी योग्य नाही म्हणून, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं ते पुढे जाऊन घेतात. संदर्भ वाचला तर धमकी अंगणातल्या उपाशी माणसाला नाहीये, आतल्या बाकावर आडव्या झालेल्याला आहे. परीक्षा स्वतःची करा म्हणतो तो, शेजाऱ्याची नाही, आणि पुढे हेही म्हणतो की आपणच आपला न्याय केला असता तर आपल्यावर न्याय आला नसता.

मांसाचा मुद्दा थोडक्यात. बाजारातलं मांस बरंच देवळातल्या बळीचं असायचं, त्यामुळे खायचं की नाही यावरून वाद. शिकलेले म्हणायचे मूर्ती काही खरी नाही, खा बिनधास्त, आणि जे खायला घाबरायचे त्यांना अडाणी समजायचे. पौल मत म्हणून शिकलेल्यांच्या बाजूने आहे, तरी म्हणतो की माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांसच कधी खाणार नाही. ज्यांच्या घरी शेजारून गणपतीचा प्रसाद येतो त्या आपल्या लोकांना हा अध्याय जास्त समजावून सांगायला नको, घेतला तरी कोणीतरी बोलतं, नाही घेतला तरी कोणीतरी बोलतं.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की चला, निष्कर्ष सोपा, कोणाला जज करू नका, सगळ्यांवर प्रेम करा. आणि बरेच प्रवचनकार इथेच थांबतात. पण मग पाचवा अध्याय कुठे ठेवायचा?

पाचव्या अध्यायात प्रकरण असंय की मंडळीतला एक माणूस बापाच्या बायकोबरोबर राहतोय, आणि मंडळी गप्प आहे, गप्पच नाही तर वर फुगून बसलीय. पौल चिडतो. याला बाहेर काढा म्हणतो, आणि म्हणतो बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, तो देव करेल, पण आतल्यांचा न्याय तुम्ही नको का करायला? लगेच सहाव्यात, भाऊ भावाला कोर्टात खेचतोय, तेही यहुदी नाही ख्रिस्ती नाही अशा न्यायाधीशापुढे, तुमच्यात एकही शहाणा नाही का जो हे मिटवेल? ज्या पौलाने चौथ्या अध्यायात लिहिलं की वेळ येण्याआधी कशाचाच न्याय करू नका, तोच पुढच्या अध्यायात न्याय करा म्हणून ओरडतोय.

मला हा विरोधाभास वाटत नाही, उलट या केसची किल्ली इथे आहे असं वाटतं. करिंथकर जज करत होते कशावरून? भाषण कोणाचं चांगलं, अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने इतरांना न कळणारी भाषा) कोण बोलतो, बाप्तिस्मा कोणाकडून, ज्ञान कोणाला जास्त, ताट कोणाचं मोठं. माणसाची किंमत ठरवण्यात सगळी ताकद खर्च होत होती. आणि जिथे एखाद्याच्या वागण्याने कोणाचं तरी खरोखर नुकसान होत होतं तिथे मात्र कोणाचा आवाज निघत नव्हता. माणूस श्रीमंत असेल, ओळखीचा असेल, कदाचित त्याच्याच घरी जमत असतील, काय माहीत. किंमत ठरवणारा न्याय पौल पूर्ण काढून घेतो, तो माणसाच्या हातातलाच नाही म्हणतो. कृतीला कृती म्हणून चूक म्हणणं हे मात्र तो मंडळीच्या गळ्यात घालतो आणि त्यातून सुटका देत नाही. आपल्याकडे 'दोष लावू नका' हे वचन बहुतेक वेळा कोण वापरतं बघा, ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो किंवा त्याचे नातेवाईक. आणि घरात मार खाणाऱ्या बाईला ताई तू क्षमा कर, प्रीती सर्व सहन करते, असं तेराव्या अध्यायातलं वाक्य ऐकवतात. त्या पत्राचा इतका उलटा वापर दुसरा नसेल, कारण तेच वाक्य लिहिणाऱ्या माणसाने त्याच पत्रात एका माणसाला मंडळीबाहेर काढायला सांगितलंय.

आता तेरावा अध्याय. तो बाराव्या आणि चौदाव्याच्या मधे आहे आणि दोन्हीकडे भांडण एकच, कोणाचं आत्मिक दान मोठं. अन्य भाषा बोलणारे स्वतःला टॉपचे समजतायत, बाकीचे खट्टू झालेत, मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही असं म्हणणारा पाय तो हाच खट्टू झालेला माणूस. तुलनेने दोन्ही बाजू आजारी पडतात, वरचा फुगतो आणि खालचा स्वतःला फालतू समजून बाजूला होतो, आणि पौल दोघांनाही धरतो हे मला फार आवडतं. मग येतो तो अध्याय, लग्नपत्रिकेवर छापतो तो. प्रीती हेवा करत नाही: करिंथकरांत हेवा आहे हे तिसऱ्या अध्यायात लिहून झालंय. बढाई मारत नाही, फुगत नाही: चौथ्या, पाचव्यात तेच. स्वार्थ पाहत नाही: ताटाची भानगड आणि मांसाची भानगड. अपकार मोजून ठेवत नाही: कोर्टातले दावे. ती एकेक ओळ म्हणजे चार्जशीट आहे, फक्त उलट्या बाजूने लिहिलेली, आणि पहिल्यांदा ती वाचली गेली तेव्हा खोलीत बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी मान खाली घातली असणार, टाळ्या वाजवल्या नसणार.

आणि त्याच अध्यायाच्या शेवटी कारणही आहे, की आत्ता आपल्याला आरशात अस्पष्ट दिसतं, अर्धवट कळतं. हे चौथ्या अध्यायाला जोडून वाचा, जिथे तो म्हणतो प्रभू येईल तेव्हा अंधारातल्या गोष्टी आणि मनातले हेतू उजेडात येतील, तोवर थांबा. किंमत ठरवायला लागणारी माहितीच आपल्याकडे नाही, असं साधं म्हणणं आहे त्याचं. न्यायासनापुढे खेचलं जाण्याचा अनुभव त्यालाही होता, त्याच करिंथात गल्लियो प्रांताधिकारी असताना, इ.स. ५१-५२ च्या सुमारास, त्याला खेचत नेलं होतं आणि गल्लियोने हे तुमचं तुम्ही बघा म्हणून सगळ्यांना हाकललं होतं.

पुढे काय झालं? लगेच काही सुधारलं नाही. पौल मधे एकदा जाऊन आला तर ती भेट फारच वाईट झाली, मग त्याने रडत रडत एक पत्र लिहिलं. तेवढ्यात तिथे दुसरे प्रचारक आले, शिफारसपत्रं घेऊन, आणि पौलाबद्दल म्हणू लागले की याची पत्रं वजनदार पण समोर आला की माणूस फुसका, बोलणं तर अगदीच टाकाऊ. तेव्हा करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो लिहितो की हे लोक स्वतःला स्वतःनेच मोजतात, एकमेकांशी तुलना करतात, यांना अक्कल नाही. आणि गंमत बघा, पुढच्याच अध्यायात तो स्वतः तुलनेत उतरतो! मी मूर्खासारखं बोलतोय असं आधी सांगून मग यादी देतो, एकोणचाळीस फटक्यांची शिक्षा पाच वेळा, छड्या तीन वेळा, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं. शेवट कशाने, तर दिमिष्कात (दमास्कसमध्ये) मला टोपलीत बसवून खिडकीतून तटाखाली सोडलं. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर सगळ्यात आधी चढणाऱ्याला मुकुट मिळायचा, आणि हा सांगतोय की मी तटावरून उतरून पळालो. विनोद आहे तो, पण त्यात राग पण आहे.

एका ठिकाणी मात्र मला पौलाशी भांडावंसं वाटतं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना तो करिंथकरांना मासेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण देतो, बघा ते गरीब असून किती देतात, आणि तिकडे मासेदोनियाकरांना सांगतो की अखयावाले (म्हणजे करिंथ ज्या प्रांतात आहे तिथले) गेल्या वर्षापासून तयार आहेत, आणि करिंथकरांना परत म्हणतो की आता तुम्ही मला खोटं पाडू नका म्हणजे झालं. म्हणजे तुलना वाईट म्हणणारा माणूस पैसे जमवताना तीच वापरतोय. हार्वेस्ट फेस्टिव्हलला लिलावात नावं आणि आकडे पुकारणारे आपले लोक त्याच्याकडूनच शिकलेत म्हणायचं. उद्देश चांगला होता, मान्य, पण तरी.

दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात शिक्षा झालेल्या एका माणसाचा उल्लेख आहे. हा पाचव्या अध्यायातलाच असं जुने टीकाकार धरायचे, हल्ली बरेच जण म्हणतात की हा वेगळा, त्या वाईट भेटीत पौलाचा अपमान करणारा. कोणीही असो, पौल लिहितो की बहुतेकांनी दिलेली शिक्षा आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, आणि त्याला तुमची प्रीती आहे हे पुन्हा दाखवून द्या. जिथे चूक तिथे बोलायचं, आणि काम झालं की फाईल बंद करायची, आयुष्यभर 'तोच ना तो' म्हणत बसायचं नाही. यातला दुसरा भाग आपल्याला पहिल्यापेक्षाही जड जातो.

मग पौल करिंथला गेला, काही महिने राहिला, आणि रोमकरांस पत्र त्याने तिथूनच लिहिलं असं जवळजवळ सगळे मानतात, गायसाच्या घरून, ज्याचा बाप्तिस्मा केल्याचं त्याला आठवत होतं तोच असावा. त्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, भाजी खाणारा आणि सगळं खाणारा यांच्या वादात, तो विचारतो की तू आपल्या भावाला दोष का लावतोस, आणि तू आपल्या भावाला तुच्छ का मानतोस. वर्गणीही अखयातून आली.

पण साधारण चाळीस वर्षांनी, इ.स. ९६ च्या आसपास, रोमच्या मंडळीला करिंथला परत पत्र पाठवावं लागलं, क्लेमेंटच्या नावाने ते ओळखतात, कारण तिथे आता काही जणांनी मंडळीच्या चांगल्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, पदावरून काढून टाकलं होतं. त्यात लिहिलंय, पौलाचं पत्र हातात घ्या, त्याने तुम्हाला स्वतःबद्दल, केफाबद्दल आणि अपुल्लोसाबद्दल काय लिहिलं होतं ते वाचा, तेव्हा निदान तुम्ही प्रेषितांच्या नावाने भांडत होतात, आता एक-दोन माणसांसाठी भांडताय. आणि पुढे प्रीतीवर अख्खा अध्याय, पौलाच्या चालीवर. त्याचा परिणाम किती झाला ते एका गोष्टीवरून थोडं कळतं: इ.स. १७० च्या सुमारास करिंथचा बिशप दियोनिसियस रोमला कळवतो की क्लेमेंटकडून आलेलं ते जुनं पत्र आमच्या मंडळीत अजून वाचलं जातं, बोध म्हणून. पंचाहत्तर वर्षं जुनी आपल्याच लफड्याची कागदपत्रं, आणि ती उपासनेत सगळ्यांसमोर वाचायची! आपल्याकडच्या एखाद्या पास्टरेट कमिटीला (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीला) त्यांची १९५० सालची मिनिट्स रविवारी वाचायला सांगून बघा.